अमेरिकनांचं ब्रिटिशवेड: रास्त की उगाच?

कोथिंबीरवडी (धागाकर्ती)

आज इथे कनेक्टिकटमध्ये आमच्या ऑफिसात ‘हाय टी’ झाला. बोलावणारी माझ्या शेजारच्या टेबलावरची सहकारी. पंचावन्नच्या आसपासची, जन्म ओहायोतला, इंग्लंड आयुष्यात एकदा पाहिलेलं, तेही आठ दिवसांच्या टूरमध्ये. पण टेबलावर राजघराण्यातल्या लग्नाचा मग, भिंतीवर ‘कीप काम अँड कॅरी ऑन’चं लाल पोस्टर, आणि साधी फाईल पाठवली तरी उत्तर ‘ब्रिलियंट!’ २०१८ साली हॅरी-मेगनचं लग्न बघायला ही बाई पहाटे चारला उठली होती. पिसांची टोपी घालून, स्वतःच्याच दिवाणखान्यात.

खोलीत गेले तर कागदी मुकुट घातलेल्या सात बायका आणि कसनुसं हसणारा एक अकाउंट्सवाला. काकडीची सँडविचेस, कडा कापलेली. त्या कडा कचऱ्याच्या डब्यात पाहून माझा जीव तुटला, आमच्याकडे त्यांचा चिवडा झाला असता. आणि चहा! मगात नळाचं पाणी, दोन मिनिटं मायक्रोवेव्ह, त्यात पिशवी, दोरा बाहेर लोंबतोय, वरून फ्रिजमधलं गार दूध. रंग म्हणाल तर पावसाळ्यातल्या मुठेचा. मी घोट घेतला आणि ती डोळे मिटून म्हणाली, ‘आपण तिकडेच आहोत असं वाटतं ना?’

हो म्हटलं. काय करणार.

गाडीतून घरी येताना डोक्यात चक्र सुरू झालं. १७७३ साली बोस्टनच्या बंदरात ईस्ट इंडिया कंपनीच्या चहाच्या ३४२ पेट्या यांनीच पाण्यात टाकल्या. १७७६ साली राजाला रामराम ठोकला. १८१४ साली ब्रिटिशांनी यांचं व्हाइट हाऊस जाळलं. हा देश कुणाला सरदारकीच्या पदव्या देणार नाही, असं राज्यघटनेत लिहून ठेवलंय. आणि आता त्याच गादीच्या वारसांचे मग? शिवाय ब्रिटिश उच्चार कानावर पडले की समोरचा हुशार, हे धरूनच चालतात. मग तो लीड्सचा नळ दुरुस्त करणारा का असेना. तो हुशार असेलही म्हणा, पण आपल्या उच्चारांना मेलं हे भाग्य कधी मिळालं नाही.

तर प्रश्न असा: हे एवढं कौतुक करण्यासारखं तिकडे खरंच काही आहे, की दुरून डोंगर साजरे? अनुभव लिहा. आत्ताचं राजकारण नको, प्लीज.

चहाबाज

मायक्रोवेव्ह. गार दूध. ॲडमिन, हा धागा ‘भयकथा’ विभागात हलवा.

टेम्सकाठ

लंडनमधल्या हॅरोहून लिहितेय, इथे बावीस वर्षं झाली.

पहिली गोष्ट, तो ‘हाय टी’ नव्हताच. हाय टी म्हणजे गिरणीतून, खाणीतून दमून आलेल्या कामकऱ्याचं संध्याकाळचं पोटभर जेवण. मांसाचे गार काप, पाव, चीज आणि कडक चहा. काकडीची सँडविचेस असतात ती ‘आफ्टरनून टी’ला, म्हणजे दुपारी चार वाजता ज्यांना काही काम नसतं त्यांच्याकडे. ‘हाय’ म्हणजे उच्चभ्रू अशी अमेरिकेत समजूत झाली आणि गिरणीकामगाराच्या जेवणावर मुकुट चढला.

दुसरं, ते लाल पोस्टर. १९३९ साली लाखोंनी छापलं, पण लोकांसमोर जवळजवळ आलंच नाही. गठ्ठेच्या गठ्ठे नंतर रद्दीत गेले. २००० साली उत्तर इंग्लंडमधल्या ॲनिक गावात जुन्या पुस्तकांच्या दुकानात एक प्रत सापडली, त्यांनी ती काउंटरजवळ लावली, आणि मग मग काय, टॉवेल काय, पायपुसणी काय! म्हणजे जे धीरोदात्त वाक्य युद्धकाळच्या लंडनने धड वाचलंही नाही, ते तुमच्या सहकारणीच्या भिंतीवर लंडनची आठवण म्हणून आहे. (ॲनिक लिहिताना मधे ‘ल’ आणि ‘डब्ल्यू’ दोन्ही आहेत. बोलताना दोघांनाही सुट्टी.)

माझी शेजारीण ७८ वर्षांची, अस्सल इथली. राजाच्या राज्याभिषेकाच्या दिवशी तिने पडदे धुवायला काढले होते.

हेमाडपंती

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. कडा न कापता.

हडसनकाका

वडीताई, राजाला रामराम कसा ठोकला ते बघायचं असेल तर न्यूयॉर्कला बोलिंग ग्रीनला जा. मॅनहॅटनच्या पार दक्षिण टोकाला एवढीशी बाग आहे. तिथे तिसऱ्या जॉर्जचा घोड्यावरचा पुतळा होता, शिशाचा, वर सोन्याचा मुलामा. ९ जुलै १७७६ ला स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचून दाखवला आणि त्याच संध्याकाळी लोकांनी दोर लावून तो पाडला. शिसं वितळवून बंदुकीच्या गोळ्या केल्या. राजा तुकड्यातुकड्याने त्याच्याच सैन्याकडे परत.

बागेचं लोखंडी कुंपण मात्र तेच, १७७१ चं. खांबांच्या टोकांवर शोभेचे मुकुट होते म्हणतात, तेही कापून काढले. मी रिटायर व्हायच्या आधी वीस वर्षं तिथे जवळच कामाला होतो, दुपारी डबा खाऊन एक चक्कर असायची. खांबांच्या डोक्यावरून हात फिरवला तर कापलेलं खडबडीत अजून बोटांना लागतं. पर्यटक शेजारच्या बैलाच्या पुतळ्याबरोबर फोटो काढायला रांग लावतात, कुंपणाला टेकून उभे राहतात आणि कागदी कपातून ‘इंग्लिश ब्रेकफास्ट’ चहा पितात.

मिसळमास्तर

कौतुक वगैरे काही नाही, सगळा धंदा आहे. १९७१ पासून अमेरिकेतल्या सार्वजनिक टीव्हीवर, ‘पीबीएस’वर, रविवारी रात्री ब्रिटिश मालिका दाखवायला लागले. पैसे कोणाचे? मोबिल तेल कंपनीचे. त्या वाहिनीला लोक गमतीने ‘पेट्रोलियम ब्रॉडकास्टिंग’ म्हणायचे. चामड्याच्या खुर्चीत बसून सूत्रसंचालन करणारे ॲलिस्टर कुक जन्माने इंग्रज, पण १९४१ पासून अमेरिकन नागरिक. कंपनीला वाटलं, तेलाचे डाग धुवायला चांगला साबण मिळाला. लोकांना वाटलं, घरबसल्या संस्कृती मिळाली. दोन पिढ्यांना इंग्लंड म्हणजे वाडा, बटलर आणि पावसात भिजलेली नायिका एवढंच माहीत. मँचेस्टरची झोपडपट्टी कोणी दाखवली असती तर चालली असती का मालिका?

टेम्सकाठ

मास्तर, अर्धं पटलं. पण त्या वाड्यांतसुद्धा पैसा अमेरिकेचाच आहे हो. ‘डाउनटन ॲबी’तली मालकीण अमेरिकन दाखवलीय ती उगाच नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इथल्या सरदारांकडे किताब होते आणि गळकी छपरं होती. न्यूयॉर्कच्या शेठजींकडे पैसा होता आणि उपवर मुली होत्या. १८७४ ला ब्रुकलिनची जेनी जेरोम चर्चिल घराण्यात आली, विन्स्टन तिचा मुलगा. १८९५ ला कॉन्सुएलो व्हँडरबिल्ट मार्लबरोच्या ड्यूकला दिली. रडत बोहल्यावर उभी राहिली पोर, आईपुढे काही चाललं नाही. सासऱ्याच्या पैशातून जावयाचं छप्पर शाकारलं गेलं. आज अमेरिकन प्रवासी तिकीट काढून तेच छप्पर मान वर करून बघतात. त्यांचंच आहे ते, बघू देत की.

चहाबाज

म्हणजे हुंडा! आणि आम्हाला वाटत होतं संस्कृती.

व्याहीणबाई

सगळे अमेरिकन असे नसतात. आमच्या लेकीने बोस्टनच्या आयरिश घरात लग्न केलंय. पहिल्यांदा व्याह्यांकडे गेले तेव्हा काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, ‘राणी गेली, वाईट वाटलं हो.’ टेबलावर चमचे थांबले. मग जावयाची आजी शांतपणे म्हणाली, ‘आमची माणसं बटाटे कुजले म्हणून नाही आली इथे. धान्याची जहाजं समोरून इंग्लंडला जात होती म्हणून आली.’ १८४० च्या दशकातल्या आयर्लंडच्या दुष्काळाची गोष्ट, पण सांगताना असं वाटलं की परवाच बंदरावर उभी होती.

मी तिला १९४३ चा बंगालचा दुष्काळ सांगितला. तेव्हापासून आमचं फार जमतं. दिवाळीला चकल्या जातात, सेंट पॅट्रिकला तिकडून सोडा ब्रेड येतो. सोडा ब्रेड चहात बुडवून बरा लागतो.

वाळवंटी

ॲरिझोनातून हजेरी. लंडन ब्रिजबद्दल कोणीच कसं लिहिलं नाही?

१८३१ चा दगडी पूल टेम्समध्ये खचायला लागला म्हणून लंडनने १९६८ ला चक्क विकायला काढला. करवती बनवणाऱ्या रॉबर्ट मॅककलॉक यांनी २४ लाख ६० हजार डॉलर मोजले. दगडांवर नंबर घातले, जहाजातून, ट्रकमधून आणून लेक हवासू सिटीत काँक्रीटच्या सांगाड्यावर परत बसवले. आता ऐका. जिथे पूल बांधला तिथे खाली पाणी नव्हतं. कोरडी जमीन. आधी पूल उभा केला, मग खालून कालवा खणला. १९७१ ला उद्घाटन.

आईबाबा आले होते तेव्हा त्यांना घेऊन गेलो. जूनची दुपार, ४५ अंश. काही दगडांवर ते नंबर अजून दिसतात. बाबा आयुष्यभर सार्वजनिक बांधकाम खात्यात. त्यांनी टोपीने वारा घेत कमानींकडे पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाले, ‘आमच्याकडे पाणी असतं तिथे पूल मंजूर होत नाही.’

हेमाडपंती

हसून हसून पुरेवाट! बाबांना दंडवत.

कायदेपंडित

वेगळा सूर लावतो. मी अमेरिकेत वकिली करतो आणि माझं मत, कौतुक रास्त आहे. फक्त चुकीच्या गोष्टींचं चाललंय.

मुकुट, टोप्या, स्कोन सोडा. न्यायालयात रोज जे बोलतो त्याचा पाया इंग्लिश आहे. ज्यूरी, हेबियस कॉर्पस (अटकेतल्या माणसाला कोर्टापुढे हजर करा, हा हक्क), पूर्वीच्या निकालांना धरून चालायची पद्धत. लुइझियाना सोडलं (तिकडे फ्रेंच-स्पॅनिश वळण) तर सगळ्या राज्यांनी इंग्लंडचा कॉमन लॉ चालू ठेवला. राजा काढला, कायदा ठेवला. भाडेकरू काढून भांडी ठेवून घ्यावी तसं.

आणि यांना त्याची जाण इंग्रजांपेक्षा जास्त आहे. १२१५ ला जिथे राजाला कायद्यात बांधणारी सनद, मॅग्ना कार्टा, झाली त्या रनीमीडच्या कुरणावर स्मारक बांधलं कोणी? अमेरिकन बार असोसिएशनने, १९५७ साली. १२९७ ची प्रत २००७ मध्ये एका अमेरिकनाने २ कोटी १३ लाख डॉलरला घेतली, ती वॉशिंग्टनला लोकांना बघायला ठेवलीय. आणि कहर म्हणजे हार्वर्डच्या लॉ स्कूलने १९४६ साली साडेसत्तावीस डॉलरला ‘नक्कल’ म्हणून घेतलेला कागद, तो १३०० सालचा अस्सल निघाला. २०२५ मध्ये कळलं. ऐंशी वर्षं पडून होता.

मिसळमास्तर

वकीलसाहेब, त्याच कॉमन लॉच्या नावाने आपल्याकडे राजद्रोहाचं कलम आलं आणि टिळक मंडालेला गेले. भांडी आपल्यालाही मिळाली, पोचे आलेली.

कायदेपंडित

मान्य. पण टिळकांनी १९०८ ला ज्यूरीपुढे एकवीस तासांच्या वर जो बचाव केला तो इंग्लिश कायद्याच्याच आधाराने, हेही विसरू नका. ज्यूरी बहुसंख्य युरोपियन होती हा भाग वेगळा. असो, धागा भरकटतोय.

शुद्धलेखन_पोलीस

भरकटू दे, तेवढाच वाचनीय होतोय.

उच्चारांविषयी. वडीताई, ज्या उच्चारांवर तुमची सहकारी भाळलीय ते अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या वेळी तसे नव्हतेच. शब्दाच्या शेवटचा ‘र’ गिळायची फॅशन दक्षिण इंग्लंडात पसरली ती प्रामुख्याने अठराव्या शतकाच्या अखेरीपासून. म्हणजे ‘र’च्या बाबतीत तरी ओहायोची तुमची बाईच वॉशिंग्टनच्या काळच्या लंडनला जास्त जवळची. तिला सांगा, खूश होईल. आपण तर काय, देवनागरीत ‘कार’ लिहिलं की ‘र’ गिळायचा कसा!

गावांची नावं ही आणखी मजा. मॅसाच्युसेट्समधल्या वूस्टरचं स्पेलिंग बघून मी पहिल्या दिवशी ‘वॉरसेस्टर’ म्हणालो, टॅक्सीवाला घानाचा होता, तोही हसला. आणि तुमच्या कनेक्टिकटमध्ये न्यू लंडनच्या काठाने टेम्स नदी वाहते, पण तिला ‘टेम्स’ म्हणालात तर लोक दुरुस्त करतील. तिकडे ती ‘थेम्स’.

टेम्सकाठ

थेम्स?? आयडी बदलावा लागेल.

रविवारचा_राग

आणि संगीत? ९ फेब्रुवारी १९६४ ला बीटल्स अमेरिकन टीव्हीवर आले तेव्हा सुमारे ७ कोटी ३० लाख लोकांनी पाहिलं. पोरी किंचाळत होत्या, आयबाप ‘हे काय नवीन ब्रिटिश खूळ’ म्हणत होते. पण ती पोरं वाजवत काय होती? चक बेरी, लिटल रिचर्ड ऐकून शिकलेलं. रोलिंग स्टोन्सनी तर बँडचं नावच शिकागोच्या मडी वॉटर्सच्या गाण्यावरून घेतलं. काळ्या अमेरिकन कलाकारांचं संगीत त्यांच्याच देशातल्या गोऱ्या घरांत शिरायला आधी लिव्हरपूलला जाऊन केसांचा कटोरा करून यावं लागलं. यात ब्रिटिशांचं कौतुक किती आणि अमेरिकनांना घरचं न दिसण्याचं दुखणं किती, ते तुम्हीच ठरवा. आपल्याकडे योग ‘योगा’ होऊन आला तसंच.

पेठी

आमच्या टीममध्ये एक इंग्रज मॅनेजर आहे. अमेरिकन पोरांनी तीन महिने खपून डेमो दिला. साहेब म्हणाले, ‘क्वाइट गुड.’ पोरांनी संध्याकाळी पिझ्झा मागवला. मला एकट्यालाच कळलं की काम नापास झालंय, कारण मी सदाशिव पेठेत वाढलोय. आमच्या आजीने कुणाच्या पुरणपोळीला ‘बरी झालीय की’ म्हटलं तर ती सून महिनाभर स्वयंपाकघरात मुसमुसायची. सोमवारी साहेबांनी सगळं परत लिहायला लावलं.

अमेरिकनांना ब्रिटिश सभ्य वाटतात कारण अपमान झालेला त्यांच्या लक्षातच येत नाही. आम्हा पुणेकरांना ब्रिटिशांचं कौतुक नाही, स्पर्धा आहे. (गंमत आहे, हलकेच घ्या.)

चहाबाज

कोल्हापूरचा अमेरिकनांना पाठिंबा. तोंडावर बोला आणि रस्सा वाढा.

जुनी_बखर

उशिरा आलो, पण मूळ प्रश्नाला धरून एक गोष्ट सांगतो. तिच्यात अमेरिका, ब्रिटन आणि पुणे तिन्ही आहेत.

१७८१ ला यॉर्कटाउनला कॉर्नवॉलिसने हत्यारं खाली ठेवली आणि अमेरिका सुटली. घरी पाठवलं का त्याला? नाही, १७८६ ला हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल केलं. १७९० ला टिपूविरुद्ध त्याने निजाम आणि पेशवे दोघांना बरोबर घेतलं. पुण्यात तो तह जमवणारा कंपनीचा रेसिडेंट, म्हणजे दरबारातला वकील, चार्ल्स मॅलेट. या मॅलेटला चित्रांची हौस. त्याने पुण्याच्या गंगाराम तांबटाकडून चित्रं काढून घेतली. त्यात १७९० च्या नोव्हेंबरातला, पेशव्यांच्या शिकारखान्यातला एक गेंडा आहे.

तो गेंडा आज कुठे असेल? वडीताई, तुमच्या कनेक्टिकटात. न्यू हेवनला येल विद्यापीठाचं ब्रिटिश कलेचं संग्रहालय आहे, पॉल मेलन या अमेरिकन धनिकाने ब्रिटिशवेडापायी आयुष्यभर जमवलेला संग्रह. १९७७ ला उघडलं. इंग्लंडची कुरणं, घोडे, सरदारांच्या पोरी, आणि त्यांच्यात आपला तांबट. खुद्द येल हे नावही एलिहू येलचं, जो मद्रासला कंपनीचा गव्हर्नर होता. त्याने १७१८ ला कॉलेजला पाठवलेला माल विकून ५६० पौंडांच्या वर पैसे आले, म्हणून त्याचं नाव दिलं.

एका अमेरिकनाला इंग्लंडचं वेड नसतं तर हा गेंडा मला कधी दिसला नसता. त्या कागदावर गेंड्याच्या कातडीच्या घड्या इतक्या निगुतीने काढल्यात की तांबट पिंजऱ्याजवळ किती वेळ बसला असेल याचा अंदाज येतो. त्या दिवसापासून मी या वेडाला नावं ठेवणं बंद केलं.

हडसनकाका

बखर, काय लिहिलंत! वीस वर्षं इतक्या जवळ राहून पत्ता नाही मला.

कोथिंबीरवडी

बाप रे, शंभरी गाठणार का धागा? सगळ्यांचे आभार. आज मी तिला सरळ विचारलं, की बाई गं, तुला हे सगळं एवढं का आवडतं? पोस्टरची आणि हाय टीची गोष्ट सांगितली नाही, धीर झाला नाही. ‘र’ची सांगितली, तेव्हापासून ती फोनवर प्रत्येक ‘र’ दणक्यात उच्चारतेय.

ती म्हणाली, तिच्या लहानपणी घरात टीव्हीवर सतत कुस्ती नाहीतर बातम्या. वडील कारखान्यात, आवाज चढलेलाच. रविवारी रात्री नऊ वाजता मात्र आजी टीव्हीचा ताबा घ्यायची, दिवे मंद करायची आणि एक तास घरात कोणी मोठ्याने बोलायचं नाही. मालिकेतली माणसंसुद्धा हळू बोलायची. आजी पोलिश. इंग्लंड तिनेही कधी पाहिलं नव्हतं.

मग मी तिला येलच्या गेंड्याचं सांगितलं. डोळे विस्फारले. पुढच्या शनिवारी जाऊया म्हणतेय. बखर, गेंडा भिंतीवर असतो का कायम? आणि तिकीट किती?

जुनी_बखर

तिकीट नाही, फुकट आहे. पण कागदावरची चित्रं कायम बाहेर नसतात, उजेडाने खराब होतात. आधी वेळ ठरवून अभ्यासिकेत बघता येतात, त्यांना ईमेल करा.

हडसनकाका

मी येतो. ग्रँड सेंट्रलवरून न्यू हेवनची गाडी, दोन तास. चला, गटग (गेट-टुगेदर) ठरवूनच टाकू.

व्याहीणबाई

आम्हीही, बोस्टनहून. जावयाची आजी विचारतेय, तिथे राजाराणीची चित्रं आहेत का? असतील तर ती बाहेर बाकावर बसेल.

चहाबाज

चहा कोण आणणार ते आधी ठरवा. वडीताईंची सहकारी सोडून.

कोथिंबीरवडी

मी थर्मास आणते. आलं घालून, उकळून.